धूळ दोन दिवसांत आली, कागद चार महिन्यांनी

२३ जानेवारी २०२२ला रविवार होता. हा वार पुढे मला किती छळणार आहे, याची तेव्हा कल्पना नव्हती. ठाण्यात आमच्या गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढायला आई दुपारी वर गेली आणि खाली येऊन म्हणाली, "कुठे बांधकाम निघालंय गं? चादरींवर नुसती माती बसलीय." बांधकाम कुठेच नव्हतं. समोरची इमारत पांढुरक्या पडद्याआड गेल्यासारखी दिसत होती, गाड्यांच्या काचांवर पावडर फासल्यासारखा थर होता, आणि भर दुपारी स्वेटर घालावासा वाटत होता. संध्याकाळी बातम्यांत उलगडा झाला. पाकिस्तानच्या बाजूने उठलेलं धुळीचं वादळ अरबी समुद्रावरून गुजरात आणि मुंबईपर्यंत आलं होतं. मी एम.एस्सी. पर्यावरणशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होते, प्रबंधाला विषय सापडत नव्हता. तो आईने चादरीसकट आणून दिला.

सुरुवात सोपी होती, म्हणून तिच्यावर फार लिहीत नाही. हवा कुठून आली हे मागे मागे जात शोधायला हायस्प्लिट नावाचं मॉडेल आहे, अमेरिकेच्या नोआ या सरकारी हवामान-समुद्र संस्थेचं. फुकट आहे, ब्राउझरमध्ये चालतं. आपलं ठिकाण, तारीख, वेळ आणि उंची द्यायची, किती तास मागे जायचं ते सांगायचं, आणि नकाशावर रेघ उमटते. मी ५००, १००० आणि १५०० मीटर उंची दिली, ७२ तास मागे गेले. रेघा समुद्रावरून वायव्येला, पाकिस्तानच्या सिंध-मकरान किनाऱ्याकडे गेलेल्या बघून मला वाटलं, झालं की काम! प्रिंट काढून गाईड मॅडमकडे धावले.

मॅडमनी चष्मा वर केला. "ही रेघ हवेची आहे, धुळीची नाही. त्या हवेत धूळ होती, हे कशावरून?"

बरोबरच होतं. कराचीवरून दोन किलोमीटर उंचीने गेलेल्या हवेने खालची माती उचललीच असेल असं नाही. त्यासाठी उपग्रहाची चित्रं बघावी लागतात आणि इथे जमिनीवर काय उतरलं त्याचे आकडे लागतात. चित्रं नासाच्या संकेतस्थळावर बसल्या जागी मिळाली. २२ तारखेला समुद्रावर पसरलेला तो मातकट पट्टा बघून अजूनही अंगावर काटा येतो. पण उपग्रह वरून खालपर्यंतच्या अख्ख्या हवेतली धूळ एकत्र मोजतो, नाकाशी किती आहे ते सांगत नाही. आपोआप मोजणाऱ्या केंद्रांचे दर तासाचे आकडे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवरून उतरवले. पीएम १० (दहा मायक्रॉनपर्यंतचे कण) उसळलं होतं, पण पीएम २.५ (अडीच मायक्रॉनपर्यंतचे, बारीक) त्या मानाने वाढलं नव्हतं. हीच धुळीची खूण. गाड्यांच्या आणि जाळण्याच्या धुरात बारीक कणांचा वाटा मोठा असतो, मातीत जाड कणांचा. इथवर पंधरा दिवस.

मग मॅडम म्हणाल्या, "एखाद्या ठिकाणचा फिल्टरवरचा आकडाही मिळव. यंत्राचा सेन्सर एक सांगतो, तराजू दुसरं सांगतो." आणि माझे चार महिने गेले.

किनाऱ्याजवळच्या एका कार्यालयाच्या गच्चीवर आरडीएस मशीन आहे, म्हणजे हवा ओढून तिच्यातली धूळ फिल्टरवर गोळा करणारं यंत्र. फिल्टर आधी आणि नंतर तोलून धूळ किती ते काढतात. नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही, अशी कार्यालयं सगळीकडे असतात. मला हवे होते फक्त जानेवारीचे आकडे. एका महिन्याचे. एक पान.

१४ फेब्रुवारीला पहिला अर्ज दिला. आठवड्याने कळलं की तो चुकीच्या पदनामाने आहे. 'प्रमुख' नाही, 'प्रभारी प्रमुख'. दुसरा अर्ज दिला, त्याला बोनाफाईड हवं होतं. ते जोडलं, तर त्यावर कॉलेजचा गोल शिक्का होता, त्यांना चौकोनी, जावक क्रमांकाचा हवा होता. मग शंभर रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर हमीपत्र मागितलं, की ही माहिती न्यायालयात वापरणार नाही आणि वर्तमानपत्राला देणार नाही. नोटरी केलं. हे सगळं पहिल्या दिवशी एका चिठ्ठीवर लिहून दिलं असतं तर? मी असं विचारलं तेव्हा खिडकीतले गृहस्थ अगदी मायेने म्हणाले, "ताई, तुम्ही विचारलंच नाहीत."

छापील फॉर्म मिळाला तो मार्चच्या मध्यावर. त्यात एक रकाना होता: 'संशोधनाचे अपेक्षित निष्कर्ष'. मी लिहिलं, 'आकडे मिळाल्यावर सांगता येतील.' फॉर्म परत आला, रकाना अपूर्ण. मग लिहिलं, 'धूळ बाहेरून आली असे दिसण्याची शक्यता आहे.' तो चालला. चालला नुसता नाही, खिडकीपलीकडे एकाने मोठ्याने वाचून दाखवला आणि सगळे खूश झाले, कारण धूळ बाहेरची! (तेव्हाच माझ्या डोक्यात आलं, इथली धूळ जास्त आहे असं लिहिलं असतं तर फॉर्म कुठे गेला असता?)

त्यानंतर फाईल 'वर' गेली. वर म्हणजे दुसऱ्या मजल्यावरून तिसऱ्यावर. कराची ते मुंबई अंतर नऊशे किलोमीटरच्या आसपास, ते धुळीने दोनेक दिवसांत कापलं. माझ्या फाईलला तो एक जिना चढायला एकोणीस दिवस लागले, आणि ती वर पोचली तेव्हा साहेब प्रशिक्षणाला गेले होते. मी दर मंगळवारी जायचे. मंगळवार का, तर सोमवारी सगळे मीटिंगमध्ये आणि शुक्रवारी कुणी दुपारनंतर सापडत नाही. एप्रिलमध्ये रडले एकदा, त्यांच्या जिन्यातच. मे महिन्यात माहिती अधिकाराचा अर्ज लिहिला, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावला आणि पर्समध्ये ठेवून हिंडले. दिला नाही, माणसं दुखावतील म्हणून. हा माझा मूर्खपणा. तुम्ही तो पहिल्याच आठवड्यात देऊन टाका. कायद्याने तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं, आणि दुखावण्याइतकं कुणाचं तुमच्याकडे लक्ष नसतं.

१६ जूनला कागद मिळाला. झेरॉक्सची झेरॉक्स. जिन्यातच उभ्या उभ्या बोट फिरवत गेले: २०, २१, २२... २३ जानेवारीसमोर आकडा नव्हता. आडवं लिहिलं होतं, 'रविवार'.

मला हसूच आलं, खरं सांगते. आधी कळायला हवं होतं. हाताने फिल्टर बदलायच्या केंद्रांवर रोज मोजत नाहीतच. देशभरच्या कार्यक्रमात आठवड्यातून दोनदा, म्हणजे वर्षाला १०४ दिवस मोजायचं ठरलेलं असतं. या कार्यालयात रोज मोजत होते हेच विशेष, पण सुट्टीला सुट्टी. म्हणून अर्ज करायच्या आधी एक फोन करून एवढंच विचारा, 'त्या तारखेला मशीन चालू होतं का?' हा प्रश्न मी चार महिन्यांत एकदाही विचारला नव्हता.

परत निघाले तर तळमजल्यावर लॅबमधले काका चहा पीत होते. त्यांनी मला इतके मंगळवार बघितलं होतं की विचारलं, "मिळालं का बाळ?" मी कागद दाखवला. ते म्हणाले, "अगं, शनिवारी लावलेला फिल्टर सोमवारीच काढला होता. टायमर बिघडलेला, मशीन दोन दिवस चालूच. म्हणून तो रद्द केला. बघायचाय?" कपाटातून त्यांनी पाकीट काढलं. शेजारच्या आठवड्याचे फिल्टर काळपट राखाडी, रोजच्या काजळीचे. हा मात्र मातकट, भिजल्या पुठ्ठ्याच्या रंगाचा. आईच्या चादरीसारखाच. अठ्ठेचाळीस तासांचा, चोंदलेला, त्यातून दिवसाची सरासरी काढता येणार नव्हती. पण रंग तर होता! रीतसर परवानगीने त्याचा फोटो घेतला. परवानगी काकांच्या वरिष्ठांनी दोन मिनिटांत दिली, कारण रद्द झालेल्या फिल्टरसाठी फॉर्मच नव्हता.

बाकी गोष्टी आठवतील तशा सांगते. हायस्प्लिटमधली वेळ यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ असते, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. तो अर्धा तास फार त्रास देतो, आपले तासाचे आकडे त्यांच्या दोन तासांच्या मधोमध पडतात. मी पहिले वीस नकाशे भारतीय वेळ घालून काढले होते, सगळे फेकले. दुसरं, एक अंशाची हवामान-माहिती कोकणासाठी घेऊ नका. एक अंश म्हणजे साधारण ११० किलोमीटर. त्यात समुद्र, कोकणपट्टी आणि घाटमाथा एकाच चौकोनात येतात आणि सह्याद्री सपाट होऊन जातो. बारीक जाळीची माहिती घ्या. आणि एका रेघेवर विसंबू नका, 'एन्सेम्बल' निवडलं की हवामान-माहिती किंचित सरकवून काढलेल्या २७ रेघा येतात. त्या पिसारल्या तर समजा की मॉडेललाही खात्री नाही.

पहिल्या प्रकरणात स्वीडनची तळी आम्लपावसाने कशी बिघडली आणि १९७९ला जिनिव्हात देशांच्या सीमा ओलांडणाऱ्या हवेच्या प्रदूषणाचा करार कसा झाला, हे सगळेच लिहितात, मीही लिहिलं. पण तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी तिथे बोटसुद्धा ठेवलं नाही. त्यांनी विचारलं, "येतं ते दाखवलंत. आपल्याकडून जातं त्याचं काय?" नशिबाने वाचलेलं होतं. १९९९च्या इंडोएक्स या हिंदी महासागरावरची हवा तपासणाऱ्या मोहिमेत मालदीवपर्यंत पसरलेला धुरकट थर मोजला होता. हिवाळ्यात ईशान्येचे वारे उपखंडावरचा धूर समुद्रावर नेतात. हे मी सांगितलं तेव्हा मला तो फॉर्म वाचून खूश झालेली खिडकी आठवत होती.

आणि हो, हे राहिलंच. फिल्टरचा फोटो काढाल तेव्हा शेजारी एक कोरा फिल्टर ठेवा, त्याच उजेडात. मी ठेवला नव्हता. परीक्षकांनी फोटो खिडकीकडे धरून विचारलं, "हा रंग धुळीचाच आहे ना, की तुमच्या मोबाईलचा?"