तटबंदी हाय का न्हाणीघर?

यंदा आमच्या तालमीचा सजीव देखावा पन्हाळ्याच्या वेढ्याचा. 1660 साल, सिद्दी जौहर, पावसाची रात्र. तटबंदी रंगवणारा पेंटर ऐनवेळी तापानं पडला आणि पोरं माझ्याकडं बघायला लागली, कारण मी कधीकाळी चित्रकलेची एलिमेंटरी परीक्षा दिली होती. बाबूराव पेंटरांनी सिनेमे काढण्याआधी नाटकांचे पडदे रंगवले, त्या कोल्हापुरात नको म्हणायची सोय नाही. चार बाय आठच्या नऊ चौकटी, त्यांवर कोरा मांजरपाट, आणि हातात एक रात्र.

मी दीड इंची ब्रश घेऊन बसलो. अर्ध्या तासात सहा दगड झाले. हिशेब केला आणि ब्रश ठेवून दिला.

मग चौकटी हॉलमध्ये जमिनीवर आडव्या टाकल्या. चुना मारायचा कुंचला बांबूला बांधला आणि उभ्यानंच काळपट करडा हात मारत सुटलो. डिस्टेंपरमध्ये फेव्हिकॉल घातलं, नाहीतर टेकलेल्या मावळ्याच्या पाठीवर अर्धा गड उतरला असता. ओला रंग गडद दिसतो, वाळला की फिका पडतो, म्हणून आधी एका कोपऱ्यावर लावून, पंख्याखाली वाळवून बघितला. पावसाळी हवेत दोन पंखेही कमीच पडत होते.

दगडांसाठी जुन्या गादीचा फोम विटेएवढा कापला, फिकट करड्यात बुडवला आणि ठपाठप शिक्के मारले. तासाभरात सगळी भिंत उठली. मी खूश. तेवढ्यात चहा घेऊन आलेल्या काकू म्हणाल्या, "ही तटबंदी हाय व्हय? मला वाटलं न्हाणीघर."

खरंच, फरशी बसवल्यासारखी दिसत होती. सगळे दगड एकाच मापाचे, उभे सांधे एकाखाली एक. पुन्हा काळा हात मारायला वेळ नव्हता. गोणपाट पिळून त्याची वळकटी केली आणि ओल्या रंगात बुडवून भिंतीवरनं लोळवली, तशा शिक्क्यांच्या कडा मोडल्या. मग काळ्या रंगानं सांधे नव्यानं पाडले. एक दगड लांब, एक आखूड, वरचा सांधा खालच्या दगडाच्या मध्यावर. दगडाच्या खालच्या कडेला काळी रेघ, वरच्या कडेला पांढुरकी. दगड रंगवायचाच नसतो, त्याची सावली रंगवायची, हे पहाटे तीनला कळलं.

तरी निळ्या लाईटात भिंत सपाटच. पिवडी आणि गेरूचे शिंतोडे हवे होते. मामांचा उसावर औषध मारायचा पंप आणला, धुतला, पण रंग गाळायचा राहिला आणि नोझल तुंबलं. शेवटी खराटा रंगात बुडवून काठीवर आपटला. पंपापेक्षा बरे शिंतोडे पडले. वीस फुटांवरनं दगडांना ओल आल्यासारखी दिसायला लागली.

मामांचा पंप तीनदा धुऊन परत दिला. तरी पहिल्या फवारणीला करडं पाणीच आलं म्हणे. अजून ऐकवतात.