बुलेट, चिखल आणि टेकलेला पाय

बुलेट म्हटलं की आपल्याकडे सगळं ठरलेलं असतं. रुबाब, धडधड आवाज, सरपंच नाहीतर फौजदार, वरातीत सगळ्यात पुढे दोन बुलेटी. पण ज्या डिझाइनची बुलेट आपण पिढ्यानपिढ्या चालवली ती लोकांनी पहिल्यांदा बघितली १९४८ च्या सुरुवातीला, इंग्लंडमधल्या कोलमोर कप नावाच्या ट्रायलमध्ये, म्हणजे चिखल, दगड, ओढे आणि चढ यांच्या स्पर्धेत, आणि तिथे वेगाला काडीची किंमत नसते. हे मला इकडे स्कॉटलंडमध्ये राहायला आल्यावर कळलं, कारण इकडे अजूनही दर मे महिन्यात साठी-सत्तरीतली माणसं त्या काळातल्या गाड्या घेऊन डोंगरात चिखल तुडवायला जातात, आणि त्यांना बघायला आमच्यासारखे रिकामटेकडे!

आधी खेळ काय ते सांगतो. डोंगरात, नदीपात्रात दोऱ्या नाहीतर झेंडे लावून छोटे छोटे टप्पे आखतात, त्याला सेक्शन म्हणतात. त्यातून गाडी न थांबता आणि पाय न टेकवता बाहेर काढायची, बस्स. एकदा पाय टेकला तर एक मार्क गेला, परत परत टेकला तर तीन, आणि गाडी थांबली, पडली किंवा दोरीबाहेर गेली तर पाच. शेवटी ज्याचे मार्क सगळ्यात कमी गेले तो जिंकला. प्रत्येक सेक्शनला एक ऑब्झर्व्हर उभा असतो, बहुतेक वेळा रेनकोट घातलेले, थर्मास घेतलेले कुणीतरी आजोबा, ते फुकट काम करतात आणि त्यांच्याशी कुणी हुज्जत घालत नाही (हे बघून मला आपल्या गल्ली क्रिकेटचे अंपायर आठवले आणि वाईट वाटलं).

या सगळ्याची पंढरी म्हणजे स्कॉटिश सिक्स डेज ट्रायल. १९०९ मध्ये सुरू झाली तेव्हा पाच दिवसांची होती, १९११ पासून सहा दिवसांची झाली. मोटारसायकल तेव्हा नवीनच, चढावर दम टाकायची, मग कंपन्यांना लोकांना दाखवायचं होतं की बघा आमची गाडी हायलँड्सचे डोंगर चढून परत येते. हल्ली ती फोर्ट विल्यमला असते. तिच्या आधीच्या शुक्रवारी-शनिवारी जवळच्या किनलॉकलेव्हन गावात प्री-सिक्स्टीफाइव्ह नावाची वेगळी ट्रायल असते, १९६५ च्या आधीच्या पद्धतीच्या गाड्यांची. मी जातो ती ही. गावात पूर्वी ॲल्युमिनियमचा कारखाना होता, त्याच्यासाठी डोंगरावरून पाणी आणणारे मोठाले पाइप अजून आहेत, आणि त्या पाइपांच्या कडेने वर चढणारा दगडगोट्यांचा उभा चढ म्हणजे पाइपलाइन नावाचा प्रसिद्ध सेक्शन. खाली उभं राहून वर बघितलं तर चालत जायलाही नको वाटतं.

आणि तिथून एरियल, एजेएस, मॅचलेस, बीएसए, ट्रायम्फ टायगर कब, ग्रीव्हज, फ्रान्सिस-बार्नेट अशा जुन्या ब्रिटिश गाड्या वर जातात! मोठी सिंगल सिलिंडर इंजिनं उखळात मुसळ पडावं तशी ठक... ठक... ठक... करत, इतकी हळू की आता बंद पडणार, आता पडणार असं वाटतं आणि पडत नाही. कारण आतलं फ्लायव्हील जड असतं, ते फिरत राहतं आणि इंजिनला ओढून नेतं. हँडलवर एक छोटी लिव्हर असते, तिने इग्निशन मागे घेता येतं, म्हणजे ठिणगी उशिरा पडते आणि गाडी अजून हळू पण दमाने चालते. मागच्या टायरमध्ये हवा एकदम कमी, म्हणजे तो दगडाला चिकटून बसतो. सायलेन्सर वर उचललेला, हँडल रुंद, गिअर उजव्या पायात. जुन्या बुलेटवाल्यांना हे उजव्या पायाचं प्रकरण समजावून सांगायला नको.

तर बुलेट. १९४८ मध्ये ती आली तेव्हा तिच्यावरून वाद झाला तो मागच्या सस्पेन्शनवरून. तेव्हाच्या ट्रायल गाड्यांना मागे सस्पेन्शनच नसायचं, चाक सरळ फ्रेमला, आणि खेळणाऱ्यांचं पक्कं मत की असंच पाहिजे, स्प्रिंग लावली की चाक उड्या मारणार आणि ग्रिप जाणार. रॉयल एनफिल्डने इंग्लंडमधल्या रेडिचच्या कारखान्यात बरोबर उलटं केलं, स्विंगिंग आर्म आणि दोन शॉकॲब्सॉर्बर लावले, म्हणजे चाक खाली-वर होईल पण जमीन सोडणार नाही. त्याच वर्षी इटलीत सान रेमोला इंटरनॅशनल सिक्स डेज, म्हणजे देशादेशांच्या टीमची सहा दिवसांची स्पर्धा झाली, त्यात ब्रिटनची टीम जिंकली आणि टीममधल्या बुलेटवाल्यांना सुवर्णपदकं मिळाली. तरी बाकीच्या कंपन्यांचे ट्रायलवाले पुढची काही वर्षं सस्पेन्शनशिवायच खेळत राहिले. हट्टी लोक! पण गंमत म्हणजे जिंकतही राहिले, ह्यू व्हायनीने एजेएसवर १९४७, ४८, ४९ अशी सलग तीन वर्षं स्कॉटिश सिक्स डेज मारली, त्यामुळे त्यांना तरी चूक कशी म्हणायचं.

१९५२ मध्ये मात्र जॉनी ब्रिटन नावाच्या विशीतल्या पोराने ३५० सीसी बुलेटवर स्कॉटिश जिंकली, १९५७ ला परत जिंकली. याचे वडील व्हिक ब्रिटनही नावाजलेले रायडर, म्हणजे घरात बाळकडूच. आणि या दोन विजयांच्या मधल्या काळात, १९५५ मध्ये, मद्रासला एनफिल्ड इंडिया सुरू झाली आणि बुलेट आपली झाली. रेडिचचा कारखाना साठच्या दशकात बंद पडला, मद्रासचा चालू राहिला. इथे जुन्या गाड्यांवाल्यांना मी भारतातला म्हटलं की पहिलं वाक्य बुलेटवरच येतं, क्रिकेट नंतर.

माझा आवडता किस्सा गॉर्डन जॅक्सनचा आहे. १९६१ ची स्कॉटिश, एजेएस ३५०, सहा दिवस, शेकडो मैल, ढीगभर सेक्शन, आणि गड्याचा सगळा मिळून एकच मार्क गेला. एक! सहा दिवसांत एकदा पाय टेकला. त्या एका टेकलेल्या पायाची चर्चा इथले म्हातारे अजून करतात, जिंकला त्याचं कौतुक कमी आणि तो पाय का टेकला यावरच जास्त.

बायकांचं पण सांगायला पाहिजे, कारण लोकांना वाटतं हा बाप्यांचाच खेळ. १९२७ मध्ये इंटरनॅशनल सिक्स डेज इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये झाली तेव्हा मार्जरी कॉटल, लुई मॅक्लीन आणि एडिथ फोली या तिघींच्या टीमने सिल्व्हर व्हाज नावाची ट्रॉफी जिंकली, समोर पुरुषांच्या टीम असताना. पुढे बर्मिंगहॅमची ओल्गा केव्हेलॉस आली, तिनेही सिक्स डेजमध्ये सुवर्णपदकं मिळवली, आणि नंतर पब चालवत असताना टीव्हीवरच्या मास्टरमाइंड क्विझमध्ये चंगीझ खान हा विषय घेऊन बसली. अशा बाईला भेटायला पाहिजे होतं राव.

आता हे सगळं संपलं कसं? तर सॅमी मिलर. बेलफास्टचा माणूस, १९५९ ते १९६९ सलग अकरा वर्षं ब्रिटिश चॅम्पियन. त्याची ५०० सीसीची एरियल, नंबर जीओव्ही १३२, या खेळातली बहुतेक सगळ्यात प्रसिद्ध गाडी, नंबरसकट लोकांना पाठ. ती त्याने कापून, घासून, हलके पार्ट बसवून इतकी हलकी केली की कंपनीलाही जमलं नसतं. कंपनीने तर अशी फोर-स्ट्रोक इंजिनं बनवणंच १९५९ च्या सुमाराला थांबवलं होतं. १९६२ आणि ६४ ला त्यावर स्कॉटिश जिंकली. मग १९६४ च्या अखेरीस तो स्पेनच्या बुल्ताको कंपनीकडे गेला, बार्सिलोनाजवळ बसून त्यांची छोटी टू-स्ट्रोक गाडी ट्रायलसाठी घडवली, तिचं नाव शेर्पा, आणि १९६५ ला तिच्यावर स्कॉटिश मारली. परदेशी टू-स्ट्रोकने स्कॉटिश पहिल्यांदाच जिंकली. मोठ्या जड सिंगलचा खेळ तिथेच संपला, म्हणून तर आजची जुन्या गाड्यांची रेघ १९६५ ला मारलेली आहे. ब्रिटिश गाडीवर शेवटची स्कॉटिश बिल विल्किन्सनने १९६९ ला जिंकली, ती होती ग्रीव्हज, जिचे मालक अपंगांसाठी तीनचाकी बनवायचे आणि त्याच कारखान्यातून या गाड्या काढायचे.

माझं मत विचाराल तर ब्रिटिश कंपन्यांना बुल्ताकोने नाही हरवलं. ज्या माणसाला गाडी हलकी कशी करायची ते कळत होतं तो त्यांच्याच घरात होता, त्याला त्यांनी जाऊ दिलं.

एक तक्रार पण आहे. हल्ली प्री-सिक्स्टीफाइव्हमध्ये काही गाड्या नावालाच जुन्या असतात, फ्रेम नवी, चाकांचे हब नवे, पुढचे फोर्क आतून नवे, इंजिनाचं बाहेरचं कव्हर तेवढं १९५८ चं. आयोजक तपासतात, पण पैसेवाला माणूस वाट काढतोच. मला आपली ती जड, तेल गळणारी, टाकीला पोचे पडलेली खरी गाडी बघायला आवडते, तिचा नंबर शेवटून दुसरा आला तरी.

कुणी मे महिन्याच्या सुरुवातीला इकडे येणार असेल तर सांगा. ग्लासगोहून गाडीने अडीच-तीन तास, ग्लेन्कोवरून रस्ता, बघायला तिकीट नाही, गमबूट मात्र आणा आणि बारक्या चावऱ्या माश्यांसाठी काहीतरी फवारा आणा. आणि ज्यांच्या घरी उजव्या गिअरची जुनी बुलेट अजून चालू आहे त्यांनी मागच्या सस्पेन्शनचा एक नीट फोटो पाठवा, इथल्या एका आजोबांना दाखवायचाय, ते मानायलाच तयार नाहीत की आपल्याकडे ती इतकी वर्षं जवळपास तशीच बनत राहिली.