आमची वाटचाल : मागची बाजू पाहून घ्यावीत अशी चित्रे

बेळगावच्या शहापूर भागातील आमची चित्रशाळा जुन्या चित्रांच्या हाताने रंगवलेल्या प्रतिकृती करते, आणि त्यातही खेड्यापाड्यांत सांगितल्या-गायिल्या जाणाऱ्या कथांची चित्रे हे आमचे मुख्य काम आहे. वडील दुकानांच्या पाट्या आणि नाटकमंडळ्यांचे पडदे रंगवीत. फ्लेक्स आल्यावर निपाणीपासून खानापूरपर्यंत कितीतरी पेंटरांनी कुंचले ठेवून दिले. वडिलांनी मात्र पडद्यावरचा हात कॅनव्हासवर वळवला. राजा रविवर्म्यांच्या 1894 साली सुरू झालेल्या छापखान्याच्या तसबिरी आमच्या भागातील जुन्या वाड्यांत अजून आहेत, पण त्यांचा कागद ओलीने डागाळला आहे. घरच्यांना तीच तसबीर तैलरंगात हवी असे, आणि आमचा जम बसला तो या कामांवर.

खरी ओळख मिळाली ती पिंगुळीच्या चित्रकथीमुळे. आंबोली घाट उतरून सावंतवाडी ओलांडली की कुडाळच्या थोडे अलीकडे पिंगुळी येते. तिथल्या ठाकर समाजाने ही परंपरा जपली आहे, आणि 2021 साली परशुराम गंगावणे यांना पद्मश्री मिळाल्यावर पुष्कळांना तिचे नाव प्रथमच कळले. साधारण 30 बाय 40 सेंटिमीटरच्या कागदावरची ही चित्रे पोथीच्या क्रमाने एकेक पुढे धरून कथा गायची असते. परवानगी घेऊन आम्ही ‘दांगवी आख्यान’ निवडले. त्यात शापामुळे दिवसा घोडी आणि रात्री स्त्री होणारी उर्वशी आहे, आणि त्या घोडीपायी प्रत्यक्ष श्रीकृष्ण आणि भीम एकमेकांसमोर उभे राहतात. मूळ चित्राच्या तिप्पट मापात त्या मोठ्या, टपोऱ्या डोळ्यांची रेषा एका दमात ओढावी लागते. मध्येच कुंचला उचलला की डोळा मरतो.

या रेषेसाठी लांब केसांचा मऊ कुंचला लागतो. डुकराच्या केसांचे ताठ कुंचले आम्ही फक्त चित्राच्या पार्श्वभूमीच्या रंगासाठी वापरतो. कॅनव्हास स्वतः ताणतो, दोन हात प्राइमर देतो, प्रत्येक हातानंतर बारीक पॉलिश कागद फिरवतो, मग कोळशाने चौकटी आखून चित्र उतरवतो. वडिलांची हात टेकवायची काठी अजून रोज वापरात आहे. तिच्या टोकावरचे कातडे तेवढे बदलले आहे. खालचा थर टर्पेंटाइनने पातळ आणि वरचे थर क्रमाने अधिक तेलाचे, हा नियम आमच्याकडे कोणीही मोडत नाही. हे उलटे केले तर वरचा रंग आधी सुकतो आणि पुढे त्याला भेगा पडतात.

प्रत्येक कॅनव्हासच्या मागे मूळ चित्र कोणाचे, कोठले, आणि ही प्रतिकृती आहे, हे आम्ही रंगाने लिहितो. चित्रकाराचे नाव ठाऊक असेल तर त्याच्या निधनाला साठ वर्षे उलटली आहेत, हे पाहूनच काम हाती घेतो. कोल्हापुरात जन्मलेले चित्रकार एम. व्ही. धुरंधर 1944 साली वारले, म्हणून त्यांची चित्रे आम्ही करतो. त्यांच्या नंतरच्या कित्येकांची करत नाही.

आमच्याच शहरातील एका छपाई व्यावसायिकाने आमच्याकडून दांगवीची चित्रे विकत नेली, त्यांचे फोटो काढून ते कॅनव्हासवर छापले, त्यावर कुंचल्याने पारदर्शक जेल फासले आणि ‘हाताने रंगवलेले’ म्हणून आमच्या निम्म्याहून कमी दरात विकायला काढले. हॉटेलांनी आम्हाला दिलेल्या मागण्या मागे घेतल्या. आम्ही शिकवलेली मुले जेल फासायला तिकडे गेली. पतसंस्थेचे हप्ते थकले, रंगवाल्याने उधारी बंद केली. तक्रार केली, तिची दखल कोणी घेतली नाही. ‘तुम्हीही नक्कलच करता ना’ असे तोंडावर म्हणणारे भेटले. त्यांना माझे उत्तर तेव्हा होते तेच आज आहे: आम्ही प्रतिकृतीला प्रतिकृती म्हणतो आणि हाताच्या कामाचे पैसे हाताने काम करून घेतो. त्या छपाईवाल्याने न केलेल्या कामाचे पैसे घेतले, आणि ते आमच्या रेषेवर घेतले. ही गोष्ट मी विसरलेलो नाही.

त्या वर्षी आम्ही टिकलो ते निपाणीच्या एका तंबाखू व्यापाऱ्यांमुळे. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. तंबाखूचे पान बोटांत चुरून, वास घेऊन त्याची प्रत ठरवण्यात त्यांचे आयुष्य गेले आहे. त्यांच्या व्याह्यांनी ते स्वस्तातले चित्र घेतले होते. अण्णांनी ते भिंतीवरून उतरवून खिडकीशी तिरक्या उजेडात धरले, उलटे करून पाहिले आणि म्हणाले, ‘‘रेघ एकीकडं चाललीय नि कुंचला दुसरीकडं. हे शहापूरच्या चित्रशाळेचं काम नव्हे.’’ पुढच्याच आठवड्यात ते शहापूरला आले आणि सबंध आख्यानाची पूर्ण रक्कम आगाऊ देऊन गेले. त्या पैशांतून आम्ही आधी रंगवाल्याचे देणे फेडले.

नंतरची वर्षे बरी गेली. त्यांविषयी सांगण्यासारखे फार नाही. घेणाऱ्यांनी मात्र अण्णांसारखे पाहायला शिकावे. भिंग लावले की छपाईत निळे, गुलाबी, पिवळे ठिपके दिसतात. रंगकामात ते नसतात. जेलवरचे फटकारे आकृतीच्या कडेने न जाता कसेही फिरतात. नव्या तैलचित्राला जवसाच्या तेलाचा वास येतो. आणि चित्र लवकर द्या म्हणून चित्रकाराच्या मागे लागू नये. तैलरंग पाण्यासारखा उडून सुकत नाही, तो हवेतला प्राणवायू घेऊन हळूहळू घट्ट होतो, आणि बेळगावच्या पावसाळ्यात तर तो फारच रेंगाळतो. शेवटचे वार्निश आम्ही किमान सहा महिन्यांनी देतो. म्हणून गणपतीपर्यंत चित्र भिंतीवर हवे असेल तर मागणी दिवाळीनंतर लगेच नोंदवावी. श्रावणात आलेली घाईची कामे आम्ही घेत नाही.