मासींचा डबा आणि आमच्या घरासमोरचा वड

आमच्या घरी एक स्टीलचा डबा आहे, तो मूळचा आमचा की वरच्या मजल्यावरच्या मासींचा हे आता खरंच आठवत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये बडोद्यात पूर आला, विश्वामित्री नदी धोक्याची २५ फुटांची खूण ओलांडून कितीतरी वर गेली, तेव्हा आम्ही तळमजल्यावरचे सगळे मासींकडे होतो, आई, मी, हे, मुलं, शेजारचे दोघं, लाइट गेलेली, जिन्याच्या पायऱ्या पाण्याखाली, नदीतल्या मगरींची भीती वेगळीच, आणि मासी आपल्या एका शेगडीवर खिचडी करून सगळ्यांना वाढतायत. सिलिंडर किती दिवस पुरेल कोणालाच माहीत नव्हतं. मी म्हटलं, मासी जरा जपून, तर म्हणाल्या, "खाई ले ने बेटा, कालनी वात काले." म्हणजे खाऊन घे, उद्याचं उद्या बघू.

पाणी ओसरलं, चिखल काढला, आणि मग माझ्या डोक्यात हिशोब सुरू झाला की हे सगळं फेडायचं कसं. त्यांचा डबा आमच्याकडे राहिला होता. आमच्या आजीचा नियम, डबा रिकामा परत द्यायचा नाही, काही नसेल तर चिमूटभर साखर घाल. मी पुरणपोळ्या दिल्या, वाटलं चला, थोडं तरी फिटलं. चार दिवसांनी तोच डबा हांडवा भरून वरून आला! मला अवघडल्यासारखं झालं, म्हणजे हे फिटणार कधी?

त्याच दिवसांत सकाळी चहा घेऊन समोरच्या वडाकडे बघत बसायची सवय लागली. आमच्या गावाचं नावच वडावरून, वटोदर, वडाच्या पोटातलं गाव, आणि जन्म इथेच जाऊनही मी त्याच्याकडे कधी नीट बघितलं नव्हतं. वडाला फूल आलेलं कोणी पाहिलंय का? फुलं असतात ती त्या फळाच्या आत, शेकडो, अगदी बारीक. फळाच्या तोंडाशी छोटंसं भोक असतं, त्यातून चिलटाहून लहान अशी एक गांधीलमाशीच्या लांबच्या नात्यातली मादी आत घुसते, घुसताना तिचे पंख तुटतात, ती पराग पोचवते, काही फुलांत अंडी घालते आणि तिथेच मरते. त्या फुलांचं बी होत नाही, तिथे तिची पिल्लं वाढतात, बाकीच्यांचं बी होतं. म्हणजे वड आपल्या फुलांतला वाटा आधीच तिच्या लेकरांना देऊन टाकतो आणि ती नसेल तर त्याला एकही बी धरणार नाही! नव्या माद्या पराग घेऊन बाहेर पडतात, जगतात जेमतेम एखाददोन दिवस, तेवढ्यात त्यांना कोवळी फळं असलेला दुसरा वड सापडायला हवा, म्हणून सगळे वड एकाच वेळी फळत नाहीत, कुठे ना कुठे कायम एखादा फळलेला असतोच. आणि त्यावर तांबट, साळुंक्या, कोकीळ, हरियल, रात्री वाघळं, सगळ्यांची पोटं भरतात. लाल फळं खाऊन ते उडतात आणि बी कुठल्या कुठे नेऊन टाकतात.

असंच एक बी आमच्या गच्चीच्या कठड्यात रुजलं होतं. मासींनीच दाखवलं, म्हणाल्या भिंत फाडेल, काढून टाक. पावसाने भिंत ओली होती म्हणून मुळासकट निघालं, टाकवेना, रंगाच्या जुन्या बादलीत लावलं. फाल्गुनात समोरच्या वडाची पानं गळायला लागली की लोक ती झाडून पेटवतात, मला ते बघवत नाही, तीच कुजून त्याला परत मिळणार असतात ना. मी दोन पोती मागून आणली, एका कोपऱ्यात कुजवली आणि ती माती बादलीत घातली. चैत्रात वर मोठ्याला तांबूस पालवी आणि खाली बादलीतल्यालाही दोन नवी पानं, मी मुलांना हाका मारून दाखवली.

वटपौर्णिमेला आई इतकी वर्षं बाजारातून फांदी आणून पूजा करायची, गुडघे दुखतात, तिचाही दोष नाही. पण ज्याच्याकडे आयुष्य मागायचं त्याचीच फांदी तोडायची हे मला पटत नाही आणि मी तसं स्पष्ट म्हटलं. ती दोन मिनिटं गप्प बसली, मग म्हणाली, बादलीतला आण. त्यालाच सूत गुंडाळलं, आंबा ठेवला, आणि मासीही वरून खाली आल्या हळदकुंकवाला.

पहिला दमदार पाऊस झाल्यावर तो बडोद्याजवळच्या पादरा गावापाशी काकांच्या शेताच्या कडेला लावून आलो. मोकळी जागा आहे, विहिरीपासून आणि घरापासून लांब, पारंब्या सुटल्या तरी कोणाच्या भिंतीला त्रास नाही. पारंब्यांचा मोठा पसारा बघायला आई नसेल, मीही बहुतेक नसेन. आई मात्र खड्ड्यात माती लोटताना म्हणाली, साळुंक्यांना सांगा हो कोणीतरी, इकडे यायचं म्हणून.

डबा सध्या आमच्याकडे आहे, परवा मासींनी मुठिया दिल्या होत्या त्यातून. उद्या सांज्याच्या पोळ्या करतेय.