एक्समथचे सोळा बाजूंचे घर

आज इंग्लंडमधील डेव्हन परगण्यातल्या एक्समथ गावी ‘अ ला राँद’ हे जॉर्जियन, म्हणजे जॉर्ज नावाच्या ब्रिटिश राजांच्या काळातील छोटेखानी घर पाहिले. जेन आणि मेरी पार्मिंटर या चुलत बहिणींनी युरोपचा प्रदीर्घ प्रवास करून परतल्यावर, १७९० च्या दशकात, एक्स नदीच्या मुखाकडे पाहणाऱ्या उतारावर ते बांधून घेतले. मध्ये उंच अष्टकोनी दालन, त्याभोवती निमुळत्या होत जाणाऱ्या खोल्या आणि बाहेरच्या कोपऱ्यांवर शंकरपाळ्याच्या आकाराच्या खिडक्या, अशी ही रचना इतकी विचारपूर्वक केलेली आहे की खोल्यांमधल्या त्रिकोणी फटीही वाया गेलेल्या नाहीत.

मला सर्वाधिक भावली ती दिवाणखान्यातील पक्ष्यांच्या पिसांची नक्षीपट्टी आणि माथ्यावरचा शिंपल्यांनी मढवलेला सज्जा, कारण हे नाजूक काम त्या बहिणींनी स्वतःच्या हातांनी केले आहे.

१८४९ साली निवर्तलेल्या मेरीने हे घर नात्यातील अविवाहित स्त्रियांकडेच जावे, अशी तरतूद मृत्युपत्रात केली होती. त्या काळात मालमत्तेचा असा विचार करणे मला फार धैर्याचे वाटते. पुढे घराचे एकमेव पुरुष मालक ठरलेल्या ऑस्वल्ड राइखेल यांनी गवताचे छप्पर काढून कौले घातली आणि छपरात खिडक्या बसवल्या. १९९१ पासून ही वास्तू नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या ब्रिटिश संस्थेकडे आहे.