तुम्ही विचारलंत म्हणून: या मुलांना देवाबद्दल कधी सांगायचं?

नंदुरबार, धुळे, जळगावकडच्या ख्रिस्ती मंडळ्यांमधून तरुण मुलंमुली वसतिगृहात किंवा बालगृहात सेवेला येतात, आणि पहिल्या आठवड्यातच विचारतात: ‘मार खाल्लेली, टाकून दिलेली, घरातून पळालेली ही मुलं. यांना प्रभूच्या प्रीतीबद्दल कधी आणि कसं सांगायचं?’ प्रश्न मनापासूनचा असतो, म्हणून उत्तरही सविस्तर देतो.

मूल पोटभर जेवलं, त्याची झोप पुरी झाली आणि तुम्ही दिलेला शब्द पाच-सात वेळा खरा झालेला त्यानं पाहिला, की मग सांगा. त्याआधी सांगितलेलं त्याच्या कानावर पडतं, आत जात नाही.

बायबलमधल्या एलीया संदेष्ट्याची गोष्ट आठवा. राणी जिवावर उठली म्हणून तो रानात पळाला, एका झुडपाखाली पडला आणि मरण मागू लागला. देवदूत आला तो ‘ऊठ, खा’ एवढंच म्हणाला. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर होती, पाणी होतं. एलीया खाऊन पुन्हा झोपला, तर त्याला झोपू दिलं आणि नंतर परत खायला दिलं. देवाचा मंद स्वर त्याला ऐकू आला तो पुढे चाळीस दिवसांची वाट चालून गेल्यावर, होरेब डोंगरावर. घाबरलेल्या जिवाशी कसं वागावं याचा इतका स्पष्ट पाठ दुसरा नाही.

तेव्हा सुरुवात भाकरीपासून. उपाशी राहिलेलं मूल ताटातली अर्धी भाकरी खिशात घालतं, रात्री उशीखाली ठेवतं. याला चोरी म्हणू नका. सकाळी पुन्हा जेवण मिळेल याची त्याला खात्री नसते, इतकंच. पण उशीखालच्या भाकरीला मुंग्या लागतात, उंदीर येतात. त्यावर साधा उपाय आहे: झाकणाचा एक छोटा डबा त्याच्या नावानं द्या. त्यात मूठभर शेंगदाणे, गुळाचा खडा, थोडे मुरमुरे ठेवा. डबा रात्री त्याच्या खाटेजवळ राहील आणि रिकामा झाला की न विचारता भरला जाईल. एखादं मूल महिन्यात विसरतं, एखाद्याला वर्ष लागतं. घोटाळा कुठे होतो? शिक्षा म्हणून कुणीतरी डबा काढून घेतो, आणि मूल पहिल्या रात्रीवर परत येतं. जेवण, डबा, अंथरूण आणि घरचा फोन या चार गोष्टी कुठल्याही शिक्षेत ओढायच्या नाहीत. बरेच दिवस नीट खायला न मिळालेलं, हाडं दिसणारं मूल आलं, तर मायेपोटी एकदम पोटभर वाढू नका. त्यानं जिवाला धोका होऊ शकतो. आधी डॉक्टर, आणि ते सांगतील तसं थोडं थोडं खाणं.

झोपेचंही असंच. खाट भिंतीला लागून आणि दार दिसेल अशी हवी. झिरोचा दिवा रात्रभर चालू ठेवा, आणि वीज जाते म्हणून बॅटरीचा दिवा हाताशी असू द्या. झोपलेल्या मुलाला हलवून उठवू नका, पायाशी उभं राहून नावानं हाक मारा. अंथरूण ओलं करणाऱ्यांना रात्रीचं पाणी तोडणारे बरेच जण भेटतात. खानदेशच्या उन्हाळ्यात हे घातक आहे. दिवसभर भरपूर पाणी द्या, झोपण्याआधीच्या दोन तासांत थोडं कमी करा आणि दिवे मालवताना लघवीला पाठवा. लघवीचा संसर्ग, जंत, बद्धकोष्ठ यांची तपासणी करून घ्या. रबरी कापड आणि दोन जास्तीच्या चादरी त्याला स्वतःला घेता येतील अशा जागी ठेवा. सकाळी चादर बदलली गेली की विषय संपला. त्यावर चार पोरांसमोर एक शब्द निघाला, तरी पुढच्या कित्येक रात्री ओल्या जातात.

आता रागाचं. ताट भिरकावलं, दगड उचलला, डोकं भिंतीवर आपटलं, असं होणारच. एकच माणूस पुढे जातो, बाकीची मुलं दुसऱ्या खोलीत जातात. समोर उभं राहायचं नाही. थोड्या अंतरावर, बाजूला, जमिनीवर बसायचं. दार अडवायचं नाही. तीन-चार शब्दांचं वाक्य, हळू आवाजात: ‘मी इथे आहे.’ ‘तुला कुणी मारणार नाही.’ इजा होईल अशा वस्तू गुपचूप दूर करा. ‘का केलंस?’ हा प्रश्न त्या घडीला निरुपयोगी असतो, कारण अंगात भीती भरलेली असताना विचार चालत नाही. अर्ध्या-पाऊण तासानं श्वास शांत झाला की पाणी द्या आणि सांडलेलं अन्न त्याच्याबरोबर तुम्हीही उचला. त्याच्याकडून एकट्याकडून उचलून घेणं ही शिक्षा होते, आणि तुम्ही एकट्यानं उचललंत तर त्याला भरपाई करायची संधीच मिळत नाही.

इथे काही वडीलधारी मंडळी बायबलच्या नीतिसूत्रांतली, मुलाला शिस्त लावणारी छडी काढतात. प्रेषित पौल बापांना लिहितो की मुलांना चिरडीस आणू नका, तेही त्याच शास्त्रात आहे. आणि तेविसाव्या स्तोत्रातल्या काठीनं धीर येतो असं दावीद म्हणतो. साक्रीकडच्या ठेलारी मेंढपाळाला विचारा, तो काठीनं कळप वळवतो, लांडगा-कुत्रं हाकलतो. कायदाही स्पष्ट आहे: २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ८२ नुसार बालसंगोपन संस्थेत शिस्तीसाठी मुलाला मारणं हा गुन्हा आहे. पहिल्यांदा दोषी ठरल्यास दहा हजार रुपये दंड, पुन्हा तेच केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

शब्द पाळण्याबद्दल जरा जास्त लिहितो, कारण विश्वास इथेच उगवतो किंवा करपतो. सातपुड्यातल्या कितीतरी मुलांचे आईबाप मुकादमाची उचल (आगाऊ पैसे) घेऊन दिवाळीनंतर ऊसतोडीला दक्षिण गुजरातेत जातात आणि उन्हाळ्यात परततात. मूल रोज विचारतं. त्याचं रडं थांबावं म्हणून ‘आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) येतील’ असं सांगून टाकू नका. कारखान्याचा हंगाम लांबला की आखाजी येते आणि आई येत नाही. मग खोटं बोलणाऱ्यांच्या यादीत तुम्ही असता, आणि तुम्ही ज्याचं नाव घेता तो प्रभूसुद्धा. ‘तारीख मला माहीत नाही. रविवारी जेवणानंतर आपण फोन लावू’ असं सांगा आणि रविवारी जेवणानंतर फोन लावाच. लागला नाही तर त्याच्यासमोर पुन्हा लावा. पंधरा दिवसांसाठी आलेल्या स्वयंसेवकानं आपण कुठल्या वारी जाणार हे पहिल्याच दिवशी मुलांना सांगावं. लळा लावून एका पहाटे निघून जाणं हा या सेवेतला सगळ्यात जास्त होणारा अन्याय आहे, आणि तो प्रेमळ माणसांच्याच हातून होतो.

एवढं झालं की प्रार्थना. दोन मिनिटं पुरे. डोळे मिटण्याची सक्ती नको, भ्यालेलं मूल डोळे मिटत नाही. पावरी, भिली, मावची, अहिराणी, घरी बोलतो त्याच बोलीत त्यानं देवाशी बोलावं. सुरुवातीला आभाराची गाणी लादू नका. दाविदाची गाऱ्हाण्याची स्तोत्रं आधी द्या, ‘किती काळ विसरशील?’ असं देवाला थेट विचारणारी. देवावर रागावता येतं आणि तरी तो टाकत नाही, हे या मुलांसाठी खरंच शुभवर्तमान असतं. ज्याला बापानं जाळलंय, पट्ट्यानं झोडलंय, त्याच्याकडून ‘आमच्या स्वर्गातील पित्या’ पाठ करून घेण्याची घाई करू नका. त्याला मेंढपाळ द्या, सावली देणारा खडक द्या. पिता हा शब्द तो स्वतः कधी उच्चारतो, त्याची वाट पाहा.

वचन पाठ केलं की बिस्किट, ही पद्धत बंद करा. तिनं मूल देवाशी सौदा शिकतं. पाहुण्यांसमोर मुलाला उभं करून त्याच्या दुःखाची साक्ष द्यायला लावणं, देणगीसाठी फोटो काढणं, हेही नको. आणि आजीच्या देवाला नावं ठेवू नका. याहा मोगी या आदिवासींच्या देवीला हात जोडणाऱ्या आजीनंच बहुतेक वेळा त्याला जगवलेलं असतं. तिचा देव वाईट म्हटलं की मूल ऐकतं, माझी आजी वाईट. उपासनेला बसण्यासाठी पालकांची लेखी संमती घ्या, आणि ज्याला बसायचं नसेल त्याला चित्र काढायला कागद द्या. जेवण दोघांना सारखंच.

कुणी अत्याचाराबद्दल बोललं तर ऐका, खोदून विचारू नका, आणि ‘हे मी गुपित ठेवू शकणार नाही, तुला सुरक्षित ठेवणाऱ्यांना सांगावं लागेल’ हे लगेच सांगा. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. पाळकाला आणि सिस्टरलाही त्यात सूट नाही. मंडळीतल्या मंडळीत चौकशी करून मिटवणं हा देवाच्या आणि कायद्याच्या, दोन्ही दरबारी अपराध. ‘त्याला क्षमा कर’ असं त्या मुलाला कुणीही म्हणायचं नाही. भुसावळ स्टेशनवर एकटं मूल दिसलं, तरी थेट वसतिगृहात आणायचं नसतं. रेल्वे पोलीस किंवा १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला कळवायचं. त्याला चोवीस तासांत बाल कल्याण समितीपुढे हजर करावं लागतं, आणि कुठे ठेवायचं ते समिती ठरवते.

पळून गेलेलं मूल परत येतं तेव्हा येशूच्या दृष्टान्तातला, घर सोडून सगळं उधळून परतलेल्या पुत्राचा बाप आठवतो. मुलानं वाटेत जुळवून आणलेलं भाषण त्यानं पुरतं बोलूही दिलं नाही. आधी पाणी, अंघोळ, जेवण. कुठे होतास ते उद्या. पण त्या दृष्टान्तातला, घरीच राहून राबलेला थोरला भाऊ आपण विसरतो. वसतिगृहात तोही असतो: न भांडणारा, अभ्यास करणारा, कधीच त्रास न देणारा. सगळ्यांचं लक्ष ताट फेकणाऱ्याकडे असताना तो कोपऱ्यात सगळं बघतो आणि काही महिन्यांनी अचानक बिघडतो. दृष्टान्तातला बाप त्याच्यासाठीही घराबाहेर आला होता. गुणी मुलासाठी आठवड्यात अर्धा तास राखून ठेवा, फक्त त्याच्यासाठी. वहीत वार लिहून ठेवा, नाहीतर ते होत नाही.

तुमची स्वतःची आठवड्याची सुट्टीही बुडवू नका. बहुतेक वेळा हात उगारला जातो तो न झोपलेल्या माणसाचा. रात्रपाळीला दोघं असावेत, आणि बंद दाराआड मुलासोबत एकट्यानं कुणी राहू नये, कितीही विश्वासू असलं तरी.

मूल घरी परतायचं ठरलं की आधार कार्ड, लसीकरणाचं कार्ड, शाळेचा दाखला आणि औषधांची चिठ्ठी पिशवीत घाला, आणि त्याचा डबा भरून द्या. पहिला फोन आठव्या दिवशी, मग दर महिन्याला, निदान पुढच्या आखाजीपर्यंत. फोन तुम्हीच करायचा, त्यानं करण्याची वाट बघायची नाही.