पहिलं अख्खं प्रॅक्टिकल नुसतं बर्नरला द्या

यावर खूप दिवसांपासून लिहायचं मनात होतं. मुलं पहिल्यांदा सायन्स लॅबमध्ये येतात तेव्हा त्यांचं लक्ष सगळ्यात आधी टेबलावरच्या गॅसच्या बुन्सेन बर्नरकडे जातं, आणि आपण शिक्षक मात्र "असा पेटवायचा, असा बंद करायचा, जपून" एवढं दोन मिनिटात उरकून प्रयोगाकडे वळतो. मग वर्षभर मुलं बर्नर पेटवतात खरी, पण ज्योतीकडे कुणी नीट बघतच नाही. माझं स्पष्ट मत आहे की पहिलं एक अख्खं प्रॅक्टिकल नुसतं बर्नरला द्यावं, केमिकल नको, काही उकळायचं नको, फक्त ज्योत.

सुरुवात गॅसची नळी न जोडता करावी. बर्नर खोलून मुलांच्या हातात द्यावा. खाली जड बेस, त्यात बाजूने गॅस येतो, मधोमध अगदी बारीक भोकाचं जेट, त्यावर उभी नळी, नळीच्या बुडाशी हवेची भोकं आणि ती उघडझाक करणारी फिरती कॉलर. बस एवढंच. पंखा नाही की पंप नाही, तरी हवा आत येते, कारण जेटमधून गॅस जोरात सुटतो आणि वर जाता जाता भोकांतून हवा ओढून घेतो. जेट डोळ्यासमोर धरून पाहिलं की हे पटकन कळतं, फळ्यावरच्या आकृतीतून कळत नाही. इथेच अजून एक गोष्ट सांगून टाकावी. मिथेनच्या एका भागाला पूर्ण जळायला साधारण दहा भाग हवा लागते, प्रोपेनला जवळपास चोवीस, म्हणून नॅचरल गॅसचं आणि एलपीजीचं जेट वेगळं असतं, एलपीजीचं भोक लहान. एकाचा बर्नर दुसऱ्यावर लावला की ज्योत कधीच धड येत नाही आणि सगळे उगाच कॉलर फिरवत बसतात.

पेटवताना एकच क्रम डोक्यात पक्का बसला पाहिजे: केस बांधलेले, सैल बाह्या वर, चष्मा डोळ्यावर, रबरी नळीला कुठे चीर नाही ना ते बघायचं, कॉलर बंद, मग आधी काडी पेटवायची आणि नंतर गॅस सोडायचा, काडी बाजूने नळीच्या तोंडाशी न्यायची. उलटं केलं, म्हणजे गॅस सोडून मग काडी शोधत बसलं, की तेवढ्या वेळात साचलेला गॅस एकदम भडकतो. आणि एलपीजी हवेपेक्षा जड असतो, तो वर उडून जात नाही, टेबलाखाली, जमिनीलगत साचतो, त्यामुळे वास आला की तोटी बंद, खिडक्या-दारं उघडी, आणि लाईटच्या बटणाला हात लावायचा नाही.

आता ज्योत. कॉलर बंद असताना ती पिवळी, हलती, आळशी असते. तो पिवळेपणा म्हणजे न जळलेल्या कार्बनचे तापून चमकणारे कण. त्यात काचेची पट्टी क्षणभर धरली की काळीकुट्ट काजळी दिसते, प्रत्येक मुलाने हे स्वतः चिमट्यात धरून करावं. मग कॉलर हळूहळू उघडायची आणि कान द्यायचा. ज्योत निळी होते, ताठ होते, बारीक घुर्र असा आवाज येतो आणि आत एक फिकट निळा शंकू दिसायला लागतो. सगळ्यात जास्त उष्णता या आतल्या शंकूच्या टोकाच्या जरा वर असते, साधारण १५०० अंश सेल्सिअसपर्यंत. मुलं भांडं नळीच्या तोंडाला चिकटवून ठेवतात, कारण त्यांना वाटतं जितकं जवळ तितकं गरम.

हे खोडून काढायला टाचणी-काडीचा प्रयोग मला फार आवडतो. न पेटवलेल्या काडीत, गुलाच्या जरा खाली, टाचणी आरपार घालायची आणि टाचणी नळीच्या तोंडावर आडवी ठेवून काडी आत लटकवायची, गुल बरोबर मध्यभागी, नळीच्या तोंडाच्या थोडासाच वर. मग गॅस पूर्ण सोडून वरच्या बाजूने पेटवायचं आणि हवा उघडायची. सगळीकडून निळी ज्योत रोरावतेय आणि मध्ये काडीचा गुल लाल तो लालच! वर्गात एकदम शांतता होते, मग कुणीतरी म्हणतं, सर काडी ओली आहे. गॅस बंद करायचा, नळी गार होऊ द्यायची, तीच काडी काढून घासून दाखवायची. पेटते. आतल्या शंकूत गॅस आणि हवेचं मिश्रण अजून जळायचंच असतं, तिथे आग नाहीच, हे नंतर कुणाला सांगावं लागत नाही.

अजून एक गोष्ट मुद्दाम शिकवली पाहिजे, ती म्हणजे ज्योत आत शिरणं. मिश्रण वर येत असतं आणि ज्योत त्यातून खाली सरकू बघत असते, दोघांचा वेग जुळला की ज्योत तोंडावर टिकते. हवा पूर्ण उघडी ठेवून गॅस फार कमी केला की मिश्रण मंदावतं, फट् असा आवाज होतो आणि ज्योत सरळ आत जाऊन जेटवर जळायला लागते. वरून बर्नर विझल्यासारखा वाटतो आणि नळी मात्र तापत राहते. अशा वेळी कॉलरला हात लावायचा नाही, टेबलाची तोटी बंद करायची, थांबायचं, गार झाल्यावर कॉलर बंद करून पुन्हा पेटवायचं. ज्याला तो आवाज ओळखता येतो त्याचा हात भाजत नाही. आणि मधे काम नसेल तेव्हा ज्योत पिवळी करून ठेवायची, उन्हात निळी ज्योत जवळजवळ दिसत नाही.

टेस्ट ट्यूबचं थोडक्यात: पाव भागापेक्षा जास्त भरू नये, होल्डर तोंडाजवळ, नळी तिरकी, तोंड कुणाकडेही नाही आणि हात सतत हलता. बुडाशी एकाच जागी तापवलं की खाली वाफ कोंडते आणि उकळता द्रव एका उसळीत बाहेर येतो. बीकर कधीही थेट ज्योतीवर नको, तिपाई आणि जाळी हवीच.

जर्मनीत हाइडलबर्गला रॉबर्ट बुन्सेन या रसायनशास्त्रज्ञासाठी नवीन प्रयोगशाळा उभी राहत होती तेव्हा, १८५५ च्या सुमारास, त्याच्या कल्पनेवरून पीटर डेसागा या तिथल्या कारागिराने हा बर्नर बनवला. बुन्सेनने पेटंट घेतलं नाही. त्याला अशी ज्योत हवी होती जिला स्वतःचा रंग जवळपास नाही, म्हणजे तिच्यात धरलेल्या क्षाराचा रंग स्वच्छ दिसेल. पुढे गुस्टाव किर्चहॉफ या भौतिकशास्त्रज्ञाबरोबर याच ज्योतीच्या प्रकाशाचा वर्णपट बघत त्यांना १८६० मध्ये सिझियम आणि १८६१ मध्ये रुबिडियम सापडलं. हे सांगितल्यावर मुलं फ्लेम टेस्ट, म्हणजे ज्योतीच्या रंगावरून क्षारातला धातू ओळखणं, वेगळ्याच उत्साहाने करतात, तांब्याची हिरवट-निळी, स्ट्रॉन्शियमची गडद लाल, बेरियमची पोपटी. पोटॅशियमची फिकट जांभळी मात्र हाताच्या घामातल्या चिमूटभर सोडियमनेही पिवळ्यात बुडून जाते, तेव्हा निळी कोबाल्ट काच डोळ्यासमोर धरायची, पिवळा अडतो आणि जांभळट लाल दिसतो.

एका बाबतीत मी अजिबात ऐकून घेत नाही. इथेनॉल, ॲसिटोन, मिथेनॉल असं काही टेबलावर असेल तर बर्नर पेटणार नाही. यांची वाफ हवेपेक्षा जड, टेबलावरून सरपटत जाऊन लांबच्या ज्योतीपर्यंत पोचते. ज्योतीचे रंग दाखवायला मिथेनॉल ओतून पेटवण्याच्या नादात वर्गातली मुलं गंभीर भाजल्याच्या घटना खरोखर घडलेल्या आहेत, आणि तेच रंग ओल्या लाकडी काडीवर क्षार घेऊन आरामात दिसतात. इथेनॉल गरम करायचंच असेल तर आधी बर्नरवर पाणी तापवा, गॅस बंद करा, सगळ्या टेबलांवरचे बर्नर विझलेत ना ते फिरून बघा, आणि मगच बाटली कपाटातून काढून इथेनॉलची टेस्ट ट्यूब त्या गरम पाण्यात धरा.